मातीचा दिवा

मंचेरियालहून आसिफाबादमार्गे राजुऱ्याकडे जाणारा रस्ता महाराष्ट्राच्या सरहद्दीला भिडण्याच्या थोडा आधी वांकिडी या गावातून जातो. या गावातील एखाद्या नव्वदीच्या म्हाताऱ्याने आपले घर, आपली विहीर आणि आपली भाषा यांपैकी एकही गोष्ट जन्मात सोडलेली नसली, तरी त्याचा पत्ता मात्र चार वेळा पालटलेला आहे. तो जन्मला निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सप्टेंबर १९४८ मध्ये ते संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अंमलात आली तेव्हा, तोवर याच आदिलाबाद जिल्ह्यात मोडणारे राजुरा आणि किनवट हे तालुके मुंबई राज्याकडे गेले आणि वांकिडी आंध्र प्रदेशात आली. २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य अस्तित्वात आले. आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे होऊन हे गाव कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात दाखल झाले. यांतील एकाही हुकुमाच्या मसुद्यावर त्याची संमती कोणी घेतलेली नव्हती, आणि यांतील एकाही हुकुमाने मृगाच्या पावसानंतर कपाशीचे बी टोबण्याचे त्याचे काम त्याच्या हातून काढून घेतले नाही. अशा माणसाला स्टोइक तत्त्वज्ञानाचे पहिले सूत्र समजावून सांगण्यास फारसे श्रम पडणार नाहीत.

या म्हाताऱ्याच्या नातीने आपल्या गावाचे एक संकेतस्थळ उभारण्याचे मनात आणले आहे, असे आपण धरून चालू. शिवारांची आणि नाल्यांची नावे, कापसाच्या हंगामातले शब्द, लग्नघरी बायका म्हणतात ती मराठी गाणी, शेजारच्या पाड्यांवरचे गोंडी आणि कोलामी बोल, घरातल्या लोखंडी पेटीत जपून ठेवलेले उर्दू शिक्क्याचे जुने पट्टे आणि पावत्या, असा ऐवज त्या स्थळावर तिला मांडावयाचा आहे. हे काम कोणत्या यंत्राने आणि कोणत्या आज्ञावलीने करावे हे सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. परंतु ते करणाऱ्याचे मन कोणत्या घडणीचे असावे याविषयी फारसे लिहिले जात नाही, आणि माझे निरीक्षण असे आहे की अर्धवट राहिलेली बहुतेक संकेतस्थळे आरंभीचा उत्साह पहिल्या आघाताबरोबर ओसरल्यामुळे ओस पडलेली असतात. म्हणून या प्रकरणात आपण स्टोइकांकडे वळणार आहो.

या पंथाचा प्रवर्तक झेनो हा सायप्रस बेटावरील किटिअम या नगरातला व्यापारी. जांभळ्या रंगाच्या मौल्यवान मालाने भरलेले त्याचे गलबत फुटले, सर्वस्व गेले, आणि तो अथेन्सला येऊन एका ग्रंथविक्रेत्याच्या दुकानी बसला असता तेथे त्याला तत्त्वज्ञानाची गोडी लागली, अशी परंपरागत हकीकत आहे. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास त्याने स्वतः शिकवावयास आरंभ केला तो कोणत्याही मठात अथवा खासगी उद्यानात केला नाही. नगराच्या चौकालगत, भिंतींवर चित्रे काढलेली, खांबांनी तोललेली एक सार्वजनिक ओसरी होती, तिच्यात तो येरझारा घालीत बोलत असे. या ओसरीला ग्रीक भाषेत ‘स्टोआ’ म्हणत आणि तिच्यावरूनच पंथाला नाव पडले. ज्याला थांबावेसे वाटेल त्याने थांबावे, ज्याला जावेसे वाटेल त्याने जावे, असा तो खुला मामला होता.

ही ओसरी मला संकेतस्थळाची फार जवळची आप्त वाटते. टिम बर्नर्स-ली याने जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली वर्ल्ड वाइड वेबची तजवीज कागदावर मांडली, १९९१ मध्ये ती जगापुढे आली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने या तंत्रावरील आपला हक्क सोडून ते सर्वांना विनामूल्य खुले केले. त्या दिवशी जर एखादे शुल्क लागू झाले असते, तर वांकिडीच्या मुलीला स्वतःची ओसरी बांधण्याचा विचारही करता आला नसता. चौकातली ओसरी आहे म्हटल्यावर तीत कोण येईल, किती वेळ उभा राहील आणि जाताना काय घेऊन जाईल, यावर बांधणाऱ्याचा अंमल नसतो. ओसरी स्वच्छ, सावलीची आणि धड पायऱ्यांची असावी, एवढे मात्र त्याच्यावर अवलंबून असते.

हा भेद ज्याने अत्यंत काटेकोरपणे मांडला तो एपिक्टेटस जन्माने गुलाम होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील हायरापोलिस येथे तो जन्मला, रोममध्ये मुक्त झाला, सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हद्दपार केले तेव्हा ग्रीसमधील निकोपोलिस येथे जाऊन त्याने पाठशाळा काढली. ज्याचे शरीर कायद्याने दुसऱ्याच्या मालकीचे होते अशा माणसाने ‘माझे काय आणि परक्याचे काय’ हा प्रश्न आयुष्यभर विचारावा, यात नवल नाही. त्याचा निवाडा असा की आपली मते, आपले संकल्प, आपली स्वीकृती आणि नकार ही आपली. आणि देह, मालमत्ता, कीर्ती, अधिकारपद ही परक्याच्या ताब्यातली. पहिल्या वर्गाविषयी मनुष्याने कसूर करू नये आणि दुसऱ्या वर्गाविषयी दावा सांगू नये.

संकेतस्थळाला हा निवाडा लावून पाहिला की प्रथम जी गोष्ट आपल्या हातून निसटते ती त्याचे नावच होय. ‘मी डोमेन नाव विकत घेतले’ असे आपण सहज म्हणतो, परंतु ते बोलणे सैल आहे. डॉट कॉम किंवा डॉट ऑर्ग यांसारखी नावे एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांच्या मुदतीने नोंदविता येतात. मुदत संपली आणि रक्कम भरली नाही, तर काही दिवसांची सवलत देऊन ते नाव पुन्हा ज्याला हवे त्याला दिले जाते. २०१४ च्या ऑगस्टपासून ‘डॉट भारत’ हे देवनागरी नावही मिळू लागले, आणि तेही मुदतीचेच आहे. आजोबांच्या पेटीतला कागद आणि नातीचे डोमेन यांची जात एकच: तो पट्टा आहे, आणि पट्ट्याचा धनी दुसरा असतो. हरवलेल्या वस्तूविषयी ‘ती गेली’ असे न म्हणता ‘ती मी परत केली’ असे म्हणावे, असे एपिक्टेटस शिकवीत असे. परंतु पट्ट्याची मुदत स्मरणात ठेवणे आणि वेळेवर भरणा करणे हे मात्र सर्वस्वी आपल्या हातातले असल्यामुळे, हयगयीने गेलेल्या नावाला ते वचन लागू करणे म्हणजे तत्त्वज्ञानाच्या आड आळस लपविणे होय. जी गोष्ट नावाची तीच सर्व्हरची, विजेची, तारेची आणि शोधयंत्राच्या पसंतीक्रमाची.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो गंभीर आहे. वाचक येणे हे जर आपल्या हाती नाही, तर संकेतस्थळ चांगले करण्याची उठाठेव तरी कशाला करावी? या आक्षेपाला स्टोइकांनी दिलेले उत्तर धनुर्धराच्या दृष्टान्ताने दिलेले आहे, आणि सिसेरोच्या ग्रंथामुळे ते आपल्यापर्यंत पोहोचले आहे. तिरंदाज बाण निवडतो, दोरी तपासतो, वाऱ्याचा अंदाज घेतो, श्वास स्थिर करतो, नेम धरतो आणि बाण सोडतो. येथपर्यंतचे सर्व त्याचे. बाण सुटल्यावर वाऱ्याची झुळूक आली किंवा लक्ष्यच हलले, तर त्याने तिरंदाजीत उणेपणा येत नाही. या दृष्टान्ताची खुबी पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तिरंदाजाने लक्ष्याकडे दुर्लक्ष करावे असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. उलट लक्ष्याकडे पूर्ण एकाग्रतेने पाहिल्यावाचून नेम धरताच येत नाही. लक्ष्यवेध हा त्याने पसंत करण्याजोगा, परंतु त्याच्या सुखाचा आधार मात्र नेम नीट धरण्यात असावा, अशी ही रचना आहे. वाचू पाहणारी बाई दाराशी आली असता अक्षरे इतकी बारीक की तिला वाचता येऊ नयेत, गाण्याचा आवाज असा की शब्द कळू नयेत, शिवाराचे नाव असे चुकलेले की ज्याचे ते शेत त्यालाच ओळखू येऊ नये, अशा अवस्थेत जो आपले स्थळ सोडतो आणि वर ‘फळ माझ्या हाती नाही’ असे म्हणतो, त्याने दोरी न तपासताच बाण सोडलेला असतो.

मराठी वाचकाला येथे गीतेतील कर्मयोगाची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोहोंत साम्य मोठे आहे, आणि एक अंतरही आहे: गीतेचा साधक कर्माचे फळ ईश्वरार्पण करतो, तर स्टोइकाच्या मते सत्कर्म नीट पार पडले की त्याचे फळ त्याच क्षणी हाती आलेले असते, अर्पण करण्यास काही मागे उरत नाही. परंतु वृत्ती कशी दिसते हे पाहावयाचे असेल तर लोकमान्य टिळकांच्या चरित्रातील एक प्रसंग पुरेसा आहे. मंडालेच्या तुरुंगात १९१०–११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने वह्यांमध्ये ‘गीतारहस्य’ लिहून काढले. जून १९१४ मध्ये सुटका झाली, परंतु त्या वह्या सरकारच्या दफ्तरात अडकून राहिल्या, आणि त्या परत मिळतील की नाही याची इतरांना काळजी लागली असता टिळकांनी, वह्या सरकारजवळ असल्या तरी ग्रंथ आपल्या डोक्यात आहे, तो पुन्हा लिहून काढता येईल, अशा अर्थाचे शांत उत्तर दिल्याची आठवण सांगितली जाते. वह्या पुढे मिळाल्या आणि १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. वह्या परक्याच्या ताब्यातल्या होत्या आणि विचार स्वतःचा होता, हा एपिक्टेटसचाच निवाडा झाला.

आपण टिळक नाही, आणि गावातल्या चाळीस बायांनी म्हटलेली गाणी आपल्या डोक्यात राहत नाहीत. म्हणून सामान्य माणसाला स्टोइकांचा दुसरा अभ्यास अधिक उपकारक ठरतो. अनिष्ट गोष्ट घडण्यापूर्वीच ती घडली असे मनासमोर आणून तिची तयारी ठेवावी, असे सेनेकाने आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रांतून पुनःपुन्हा सांगितले आहे. एपिक्टेटसचे उदाहरण अधिक घरगुती आहे: स्नानगृहात जावयास निघालास तर तेथे पाणी उडविणारे, धक्के देणारे आणि कपडे चोरणारे असतात हे निघण्यापूर्वीच आठव, म्हणजे स्नानही होईल आणि मनाचा तोलही जाणार नाही.

या अभ्यासाचे मोल मला उशिरा कळले. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीच्या काळात मी काही वर्षे जमविलेली टिपणे संगणकावर एका मराठी टंकात उतरवून ठेवली होती. त्या काळच्या अनेक टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची केवळ चित्रे बसविलेली असत. टंक आहे तोवर मराठी दिसे, टंक गेला की पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रास उरे. यंत्र बदलले, टंक मिळेना, आणि शेकडो पाने माझ्या डोळ्यांदेखत मुकी झाली. आधी एकदा जरी मी स्वतःला ‘हा टंक उद्या नसेल’ असे बजावले असते, तर कागदावरच्या मूळ वह्या मी रद्दीत दिल्या नसत्या. पुढे पुष्कळसा मजकूर अक्षरशः एकेक चिन्ह ओळखून परत मिळविला, परंतु ज्यांनी तो सांगितला होता त्यांतले काही जण तोवर राहिले नव्हते, त्यामुळे जेथे शंका होती तेथे विचारावयास कोणी नव्हते. ते दुःख अद्याप माझ्या मनात आहे.

मोठ्यांचीही हीच गत होते. जिओसिटीज या नावाच्या वसाहतीत जगभरच्या सामान्य लोकांनी आपापली लाखो पाने बांधली होती. याहूने ती वसाहत १९९९ साली विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून त्यांतला बराच भाग उतरवून घेतला म्हणून तो आज पाहावयास मिळतो. खुद्द एपिक्टेटसने स्वतः एक ओळही लिहिली नव्हती. त्याच्या शिष्याने, एरियनने, उतरून घेतलेली प्रवचने आठ खंडांत होती असे मानतात, आणि त्यांतले चारच आज उपलब्ध आहेत, कारण उरलेल्यांच्या नकला टिकल्या नाहीत. म्हणून संकेतस्थळाची एक प्रत सर्व्हरवर, दुसरी घरच्या यंत्रावर, तिसरी गावाबाहेरच्या एखाद्या आप्ताकडे, अशी तरतूद पहिल्या दिवशीच करावी, आणि वर्षातून एकदा, पोळ्याच्या सुमारास म्हणा, ती प्रत खरोखर उघडते की नाही हे पाहावे. न उघडलेली प्रत ही प्रत आहे असे समजणे धोक्याचे.

एपिक्टेटसच्या घरी देवापाशी एक लोखंडी दिवा असे. एके रात्री तो चोरीस गेला. दुसऱ्या दिवशी त्याने मातीचा दिवा आणला आणि मनाशी म्हटले की ज्याच्याजवळ असते त्याचेच जाते. हा दिवा मला या संपूर्ण प्रकरणाचा केंद्रबिंदू वाटतो, कारण संकेतस्थळ कोणत्या द्रव्याचे घडवावे या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. देवनागरीचे एकेक चिन्ह युनिकोडच्या रूढ पद्धतीने साठविण्यास तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने आपण वाचीत आहात ते हे प्रकरण चाळीस-पन्नास किलोबाइटांत मावते, आणि दाबून पाठविले तर त्याहूनही पुष्कळ कमी जागेत. आज जगातले साधारण पान दोन मेगाबाइटांहून जड असते. हे ओझे मजकुराचे नसून सरकत्या चित्रांचे, ठिकठिकाणाहून उसन्या आणलेल्या आज्ञावल्यांचे आणि वाचकावर पाळत ठेवणाऱ्या यंत्रणांचे असते. आणि आषाढात वीज गेलेली असताना, टॉवरचा संदेश दोन रेघांवर आलेला असताना, स्वस्त फोनवर ते पान उघडू पाहणाऱ्या शेतकऱ्याला त्या ओझ्याचा भुर्दंड पडतो. साध्या एचटीएमएलमध्ये लिहिलेले पान हा मातीचा दिवा आहे. सर्नमधले पहिले संकेतस्थळ २०१३ मध्ये त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा मांडण्यात आले. नुसता मजकूर आणि दुवे असलेली ती पाने आजच्या ब्राउझरमध्ये विनातक्रार उघडतात, आणि नंतरच्या काळातली कितीतरी भपकेबाज स्थळे, ज्यांचा डोलारा फ्लॅशसारख्या परकीय यंत्रणेवर उभा होता, ती २०२० अखेर त्या यंत्रणेचा आधार काढून घेतला जाताच अंधारली. एपिक्टेटसच्या निधनानंतर त्याचा तो मातीचा दिवा कोणी तीन हजार द्राख्मांना विकत घेतला, असे ल्यूशन हा प्राचीन लेखक लिहितो, आणि दिव्याबरोबर शहाणपण मिळेल असे मानणाऱ्या त्या खरेदीदाराला दोष देतो.

साधेपणा म्हणजे निष्काळजीपणा मात्र नव्हे. मराठीतला ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून वेगळे आहेत. पान मराठीचे आहे अशी एक छोटीशी खूण त्याच्या पहिल्या ओळीत घातली, आणि टंकात तशी सोय असली, तर ब्राउझर मराठी वळणाची अक्षरे निवडतो. ही खूण घालण्यास अर्धे मिनिट लागते, आणि ती घातली आहे हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्याही लक्षात येणार नाही. अशा अदृश्य गोष्टींतच तिरंदाजाचा नेम असतो, आणि त्या कोणी पाहत नसताना करण्याचे समाधान हेच स्टोइकांच्या मते खरे वेतन.

लिपीचा विषय निघालाच आहे तर या भागातली एक गोष्ट सविस्तर सांगितली पाहिजे. १९४० मध्ये जोडेघाट येथे गोंडांचा पुढारी कुमुरम भीम निजामाच्या पोलिसांशी लढताना मारला गेला. त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेन्डॉर्फ या मुलखात येऊन गोंडांमध्ये राहिला, आणि १९४३ साली मार्लवाई येथे गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र निघाले. तेथे गोंडी भाषेची वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली, कारण या भागातल्या गोंडांना मराठीमुळे ती लिपी परिचयाची होती. पुढे, चालू शतकाच्या पहिल्या दशकात, आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाला या गावी गोंडीच्या स्वतंत्र लिपीतली हस्तलिखिते अभ्यासकांपुढे आली, आणि २०१८ साली ‘गुंजाला गोंडी’ ही लिपी युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. एका लहानशा गावाचे नाव जगातल्या प्रत्येक संगणकाच्या अक्षरकोष्टकात जाऊन बसले.

आता नातीपुढे प्रश्न येतो: पाड्यावरची म्हातारी गोंडीत जे बोलली, ते कोणत्या लिपीत मांडावे? लिपी युनिकोडमध्ये आली म्हणजे प्रत्येकाच्या फोनमध्ये तिचा टंक आला असे नव्हे, आणि तो केव्हा येईल हे तिच्या हाती नाही. स्टोइक येथे हताशही होणार नाही आणि हट्टही धरणार नाही. तो म्हणेल, आज देवनागरीत लिही म्हणजे शाळेतले पोर वाचील, गुंजाला लिपीतही लिही आणि टंक पानाबरोबरच पाठव, आणि म्हातारीचा आवाज जसाच्या तसा ठेव, म्हणजे ज्याला कोणतीच लिपी येत नाही त्यालाही तो ऐकू येईल. दुसऱ्या शतकातला हायरोक्लीज हा स्टोइक सांगे की प्रत्येक माणसाभोवती वर्तुळांची माळ असते, आतले आप्तांचे, मग गावाचे, मग देशाचे, मग अखिल मानवजातीचे. आणि कर्तव्य असे की बाहेरचे प्रत्येक वर्तुळ थोडे आत ओढीत राहावे. वांकिडीत मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी ही वर्तुळे बाजाराच्या एकाच दिवशी एकमेकांतून जातात. तेथल्या संकेतस्थळाने फक्त मराठीपुरते आपले अंगण आखून घेतले, तर ते त्या गावाचे खरे चित्र होणार नाही.

आणि ज्यांच्याकडून घेतले त्यांची नोंद हवी. सम्राट मार्कस ऑरेलियस याने डॅन्यूबकाठच्या मोहिमांत, छावणीत बसून, केवळ स्वतःसाठी जी टिपणे लिहिली, त्यांचे पहिले पुस्तक सबंध ऋणनिर्देशाचे आहे: आजोबांपासून काय शिकलो, आईपासून काय, कोणत्या गुरूपासून काय. ज्याच्या साम्राज्याची हद्द ब्रिटनपासून सिरियापर्यंत पसरली होती त्याने आधी हा हिशेब चुकता केला. नातीनेही, ज्यांची संमती असेल त्यांची नावे आणि कोणी काय सांगितले हे, पहिल्या पानावरून पोहोचता येईल अशा ठिकाणी लिहावे. ज्यांची संमती नसेल त्यांचे गाणे कितीही गोड असले तरी ते पेटीतच राहू द्यावे. किती जणांनी पान पाहिले हे मोजणारा आकडा लावू नये. तो आकडा परक्याच्या ताब्यातला आहे, आणि रोज सकाळी त्याच्याकडे पाहणारे मन हळूहळू त्याचे नोकर होते.

राहता राहिला पत्ता. राज्य आणि जिल्हा आजच्या हुकुमाप्रमाणे लिहावेत, आणि ती ओळ उद्या बदलावी लागेल हे धरूनच लिहावी, म्हणजे सर्व पानांवर ती विखरून न ठेवता एकाच जागी ठेवावी. त्याखाली तळ्याचे, नाल्याचे आणि शिवाराचे नाव आजोबा उच्चारतात तसे लिहावे. मग सगळा मजकूर एकदा कागदावर छापून घ्यावा, पहिल्या पानावर तारीख घालावी, आणि ती चळत लोखंडी पेटीत, उर्दू शिक्क्याच्या पट्ट्यांशेजारी, डांबराच्या दोन गोळ्या टाकून ठेवून द्यावी.